पानठेल्यावर धाडलेला मुलगा

तंबाखूशी माझा पहिला संबंध आला तो चुलीपाशी. नागभीड तालुक्यातल्या आमच्या गावी संध्याकाळ झाली की छपरीत खाटेवर बसलेले आबाजी हाक मारायचे, "बाबू, बिडी पेटवून आण बरं." मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. आगपेटीतली काडी वाचावी म्हणून बिडी चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवायची आमच्याकडे रीत होती. तेंदूच्या पानाची बिडी मात्र नुसती निखाऱ्याला टेकवून पेटत नाही आणि पेटली तरी ओढत राहिल्याशिवाय टिकत नाही, कारण हे पान सिगारेटच्या कागदासारखे आपले आपण जळत जात नाही. त्यामुळे चुलीपासून छपरीपर्यंत जाताना ती विझू नये म्हणून पेटवणाऱ्यानेच वाटेत दोन झुरके मारायचे असतात, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते. माय तिथेच भाताचे आंधण ठेवत असायची. ती माझ्याकडे पाहून एवढेच म्हणायची, "केस सांभाळ, जाळ लागेल." धुराबद्दल कोणी काही बोलल्याचे मला आठवत नाही.

पहिला झुरका आपण चोरून कसा ओढला, याच्या गोष्टी पुष्कळ जण सांगतात. माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या मुलांना तो चोरावा लागला नाही. पाणी भरणे, गोठा झाडणे, बकऱ्या वळणे या कामांबरोबरच तो आमच्या वाट्याला आला, आणि काम नीट केले म्हणून आबाजींनी पाठीवरून हात फिरवला तेव्हा त्या हाताला जो तंबाखूचा वास होता तो मला आजही मायेचा वास वाटतो. किशोरवयीन मुलांच्या व्यसनाविषयी बोलताना वाईट संगत, सिनेमा आणि जाहिराती यांच्याकडे आपण लगेच बोट दाखवतो. त्या गोष्टी खोट्या नाहीत. पण आमच्या भागात मुलाच्या हातात तंबाखू पहिल्यांदा येतो तो बहुधा घरातल्याच माणसाच्या हातून, आणि तोही त्या मुलाला द्यायचा म्हणून नव्हे, तर त्याच्याकडून आणून घ्यायचा म्हणून.

आता आबाजींची बिडी मागे पडली आहे आणि तिची जागा खर्ऱ्याने घेतली आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना हे प्लास्टिकच्या पन्नीत घेतात, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकतात आणि ती पन्नी फळीवर ठेवून तळहाताने जोराने घासतात. याला खर्रा घोटणे म्हणतात. घासून घासून तो गरम आणि ओलसर होतो, सुपारीला तंबाखूचा रंग चढतो, आणि मग पन्नीला पीळ देऊन ती पुडी खिशात जाते. ठेल्यावर खर्रा घोटून मिळतोच, पण घरीही घोटतात आणि ते काम बहुतेक वेळा घरातल्या मुलाकडे असते, कारण त्याला वेळ असतो आणि हातात जोर असतो. यातला चुना केवळ चवीसाठी नसतो. चुन्यामुळे तंबाखूतले निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्याने रक्तात उतरते. सुपारीच्या कडांनी ती कातडी आधीच खरचटलेली असते. म्हणजे निरक्षर माणसानेही पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावातून विष अंगी लागण्याची वाट अचूक शोधून काढली आहे. या हुशारीचे मला फार वाईट वाटते.

पाहुणा आला की पाण्याच्या पेल्यामागोमाग खर्रा पुढे होतो. मयतीहून परतताना वाटेत पन्नी फिरते आणि तेरवीच्या मांडवात सुपारी-तंबाखूचे ताट असते. रोवणीच्या दिवसांत, कंबर वाकवून सहा-सात तास चिखलात उभे राहायचे असते तेव्हा, भूक मारायला म्हणून तंबाखू तोंडात जातो आणि त्याने भूक खरोखरच मरते. सकाळी खर्रा खाल्ल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे म्हणणारी माणसे प्रत्येक घरात सापडतील. वडिलांचे दुखणे, आईची भूक, आजीचा दात, पाहुण्याचा मान, या सगळ्यांवर जी एकच वस्तू चालते ती वाईट आहे, हे दहा वर्षांच्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचे?

मी शिक्षक आहे, म्हणून हे सांगणे माझे कामच आहे. पण ते सांगण्याचा अधिकार मी बरीच वर्षे गमावून बसलो होतो.

ब्रह्मपुरीला शिकत असताना, सतराव्या वर्षी मला खर्रा लागला. पुढे मी नोकरीला लागलो, लग्न झाले, मुले झाली, आणि खर्रा दिवसाला दोनाचे पाच झाले. शाळेत असताना मधल्या सुट्टीत ठेल्यावर जाणे मला बरे दिसत नसे. गुरुजींनी चौकात उभे राहून खर्रा घ्यावा हे लोकांच्या नजरेत खुपले असते. म्हणून मी एका मुलाला धाडू लागलो. तो आठवीत होता. त्याचे आईवडील दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जात आणि तो आजीजवळ राहत असे. गणितात हुशार, स्वभावाने लाघवी. गुरुजी आपल्याला काम सांगतात याचा त्याला अभिमान वाटे. मधली सुट्टी झाली की तो स्वतःच दारात येऊन उभा राही आणि विचारी, "सर, आणू का जी?" मी खिशातून पैसे काढून देई. काही दिवसांनी मला चुना किती लागतो हे त्याला माहीत झाले. आणखी काही दिवसांनी ठेलेवाल्याने नीट घोटला नसेल तर वर्गाच्या मागच्या ओट्यावर बसून तो स्वतः घोटून आणू लागला. घोटता घोटता त्यातली चिमूट त्याच्या तोंडात कधी गेली ते मला कळले नाही, असे मी पुष्कळ वर्षे म्हणत आलो. खरे सांगायचे तर, त्याच्या दातांवर लाल रंग दिसला होता आणि मी पाहिले नाही असे केले होते.

तो दहावी झाला आणि शाळेतून गेला. मग तो मला भेटला तो एका लग्नात. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. पंगतीत माझ्या शेजारी बसून भातावर वरण घेऊन तो ते पुन्हापुन्हा कालवत होता, पेजेसारखे मऊ करत होता आणि अगदी छोटा घास ओठांतून आत सरकवत होता. ताटातल्या वड्याला आणि भाजीला त्याने हात लावला नाही. मी विचारले तेव्हा तो हसला, पण ते हसणे ओठांपुरतेच होते. "तोंड उघडत नाही जी सर. तिखट तर लागूच देत नाही." जेवण झाल्यावर मी त्याला बाजूला नेले आणि तोंड उघडायला सांगितले. निरोगी माणसाच्या तोंडात उभी धरलेली तीन बोटे जातात. त्याच्या तोंडात दोनही जात नव्हती. गालाची आतली बाजू पांढरट पडली होती. त्याला शिट्टी वाजवता येत नव्हती, आणि आजी तुळशीपुढे लावते तो दिवा फुंकून विझवता येत नव्हता. हे त्याने मला जशी दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसे सांगितले.

या दुखण्याचे मूळ मुख्यतः सुपारीत आहे. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या कातडीखाली ताठ तंतू साचत जातात, एरवी रबरासारखी ताणली जाणारी कातडी चामड्यासारखी आखडते आणि जबडा मोकळाच होत नाही. खर्रा सोडला तर आखडणे तिथे थांबू शकते, पण आखडलेले सहसा पूर्ववत होत नाही आणि कर्करोगाचा धोका मानेवर राहतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीलादेखील माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. "आम्ही नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही," असे सांगणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण त्यांना ती खरोखरच कोणी सांगितलेली नसते.

नागपूरच्या दंत रुग्णालयात त्याला तपासले तेव्हा मी बरोबर होतो. गालाचा तुकडा काढून पाठवला आणि अहवाल येईपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले ते लिहिणार नाही. कर्करोग नव्हता. परतीच्या एसटीत, उमरेड मागे पडल्यावर, मी त्याला म्हणालो की हे माझ्यामुळे झाले. तो खिडकीबाहेर पाहत होता. म्हणाला, "तुम्ही नसते धाडले तरी लागलाच असता जी सर. गावात कोण नाही खात?" तो माझी समजूत घालत होता. त्याचे म्हणणे कदाचित खरेही असेल. पण 'गावात कोण नाही खात' हे वाक्य त्याने ज्यांच्याकडे पाहून शिकले त्यांत मी होतो, आणि गावातल्या इतर कोणापेक्षाही माझ्याकडे पाहून शिकावे म्हणूनच त्याला रोज शाळेत पाठवले जात होते.

त्या दिवसापासून मी खर्रा सोडला, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. प्रत्यक्षात दोनदा सोडावा लागला. पहिल्यांदा तीन दिवस डोके फुटेल असे दुखले, रात्री झोप येईना, वर्गात पोरांवर विनाकारण ओरडलो. तीन आठवडे निभावले आणि एका तेरवीला, कोणीतरी पुढे केलेली पन्नी मी नाही म्हणायच्या आत हातात घेतली. दुसऱ्यांदा सोडताना एक गोष्ट समजली होती. तल्लफ येते तेव्हा ती आता संपणारच नाही असे वाटते, पण काही मिनिटे दम धरला तर ती उतरते. मी खिशात आवळकाठी ठेवू लागलो आणि तल्लफ आली की घड्याळ पाहू लागलो. चाळिशी उलटलेल्या, पगारदार, शिकलेल्या माणसाला हे इतके जड गेले. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालूच असते आणि त्या घडत्या मेंदूला निकोटीनची सवय लवकर आणि खोल लागते. मग तेराव्या वर्षी लागलेले पोर ते एकट्याने, घरच्यांपासून लपवून कसे सोडणार? तंबाखू सोडण्यासाठी सरकारची १८००-११२-३५६ ही निःशुल्क फोनसेवा आहे. ती मी वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो आणि पुसू देत नाही.

आमच्या शाळेत तंबाखूविरोधी फलक आले ते बहुतेक सिगारेटचे होते. जळती सिगारेट आणि तिच्यावर लाल फुली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील माणसांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते आणि तंबाखू चघळणारे, घासणारे २४.४ टक्के. तो फलक पाहून आमची मुले प्रामाणिकपणे मान डोलावत, कारण त्यांच्या घरात सिगारेट कोणीच ओढत नव्हते. सिगारेट आमच्याकडे दिसते ती हिवाळ्यात, झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या जंगलपट्ट्यातल्या, नाटकांच्या रात्री. वडसा परिसरातल्या कंपन्यांची नाटके गावोगाव रात्रभर चालतात, दिवसा शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत असते, पाहुण्यांनी घरे भरलेली असतात आणि मंडपाबाहेरच्या अंधारात पंधरा-सोळा वर्षांची चार पोरे मिळून एक सुटी सिगारेट ओढतात. राज्यात सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि बिड्यांच्या विक्रीवर बंदी आली, त्यामागचा विचार योग्य होता. पाकिटावर ८५ टक्के जागेत रोगाचे चित्र असते, सुट्या सिगारेटीवर ते नसते. पण पन्नीवरही ते चित्र नसते. घोटून दिलेल्या खर्ऱ्यावर कोणताच इशारा छापता येत नाही.

कायदे कमी नाहीत. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकायला आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तो विकायला मनाई केली. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली आणि पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू, मावा, खर्राही तिच्यात आला. आमच्या गावात एसटीचा थांबा, ग्रामपंचायत, शाळा आणि पानठेले एकाच चौकाभोवती आहेत, त्यामुळे १०० यार्डांची पिवळी रेषा खरेच पाळली तर निम्मा गावठाण तिच्या आत येतो. मुलाने "बाबांसाठी पाहिजे" म्हटले की ठेलेवाल्याच्या मनातली अडचण संपते, जणू कायदा फक्त मुलाच्या तोंडासाठी आहे, हातासाठी नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणे तर मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम मी वाचले तेव्हा मला आमचा ठेलेवाला आठवला नाही. वर्गामागचा तो ओटा आठवला.

बिडीविषयी बोलताना मात्र माझी जीभ थोडी अडखळते. मे महिन्यात पहाटे तीनला उठून आमच्या बाया जंगलात जातात, बिडीसाठी तेंदूची पाने तोडतात आणि सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधून फडीवर, म्हणजे ती विकत घेतात त्या जागी, नेतात. शाळेला सुट्टी असल्यामुळे पोरेही बरोबर असतात, आणि त्या पैशांतून जूनमध्ये त्यांचीच दप्तरे येतात. मीही त्याच पैशांवर शिकलो. त्या बायांना तेंदूपत्ता तोडू नका असे सांगण्याची माझी हिंमत नाही आणि तसे सांगणे न्यायाचे होईल असेही मला वाटत नाही.

मागच्या वर्षी मी आठवीच्या वर्गात मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहायचे नाही, फक्त एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे: घरी तंबाखू, खर्रा, बिडी लागते तेव्हा ती आणायला कोण जाते? बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच अक्षर होते, "मी". एका मुलीने अधिक लिहिले होते. "आजीसाठी नस मी आणते. माझा दात दुखला तेव्हा आजीने मला पण लावून दिली. आता दात दुखत नाही तरी लावते." नस म्हणजे दातांना घासायची तंबाखूची पूड. २०१९ च्या देशव्यापी शालेय पाहणीत, धूरविरहित तंबाखू कधीतरी घेतलेल्या १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ५२ टक्क्यांनी सुरुवात दहाव्या वाढदिवसाआधी केल्याचे आढळले होते. तो आकडा मी अनेकदा वाचला होता, पण ती चिठ्ठी हातात येईपर्यंत तो मला कळला नव्हता. दहा वर्षांखालचे मूल बंडखोरीने तंबाखू खात नाही. त्याला तो कोणीतरी लावून दिलेला असतो.

आमच्याच विदर्भात, सेवाग्रामला, ज्या माणसाने आश्रम वसवला त्याने स्वतःच्या लहानपणाविषयी लिहून ठेवले आहे की काकांना सिगारेट ओढताना पाहून त्यालाही धूर काढावासा वाटला, म्हणून तो काकांनी टाकलेली थोटके उचलू लागला आणि पुढे नोकराच्या खिशातले पैसे चोरू लागला. गांधीजींनी ते स्वतःवर घेऊन सांगितले. मी मुलांना ही गोष्ट सांगतो तेव्हा ती चोरीपाशी माना खाली घालतात. पालकांना सांगतो तेव्हा मी काकांपाशी थांबतो.

पालकसभेत मी एवढीच मागणी केली. तुम्ही खाऊ नका असे मी आज म्हणत नाही, फक्त पोरांना आणायला धाडू नका आणि त्यांच्याकडून घोटून घेऊ नका. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागून एकाने विचारले, "मग आणायचा कोणी जी गुरुजी? आम्ही दिवसभर बांधीत." बांधी म्हणजे धानाचे शेत. त्याच्या आवाजात टोचणी नव्हती, खरीच अडचण होती. तेव्हा मी मिरची तोडायला जाणाऱ्या आईबापांच्या त्या मुलाची गोष्ट, त्याचे नाव न घेता, सांगितली. त्याला ठेल्यावर कोण धाडत होते तेही सांगितले. सभा संपल्यावर कोणी माझ्याशी फारसे बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना त्या मागून बोललेल्या गृहस्थाला मी ठेल्यावर स्वतः उभा असलेला पाहिला. आमची नजरानजर झाली आणि त्याने मान हलवली.

वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून मुक्तिपथ या नावाने दारू आणि तंबाखू कमी करण्याचे काम चालू आहे. कितीतरी गावांच्या सभांनी खर्रा विकायचा नाही असे ठराव केले आहेत. आमच्या गावात अजून ठराव झालेला नाही. चौकातले ठेले आहेत तसे आहेत.

त्या मुलाला डॉक्टरांनी गालात इंजेक्शने दिली आणि रोजचा एक व्यायाम सांगितला. आइस्क्रीमच्या असतात तशा चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांच्या मध्ये सरकवायच्या, दुखेपर्यंत तोंड ताणून धरायचे आणि काही दिवसांनी एक काडी वाढवायची. सुरुवातीला तेरा काड्या बसत होत्या. धानाच्या कापणीत तो व्यायाम चुकवतो, मग एखादी काडी कमी होते आणि पुन्हा वाढवावी लागते. मी रविवारी फोन करतो तेव्हा तो दुसरे काही सांगण्याआधी आकडा सांगतो. मागच्या रविवारी त्याने सांगितले, "अठरा जी सर," आणि मग फोन आपल्या चार वर्षांच्या मुलीच्या हातात दिला. तिला नुकतीच शिट्टी वाजवता यायला लागली आहे, ती मला ऐकायची होती.